सागवानी लूर गिरक्या का खात होता: कर्ली खाडीकाठच्या सुतारशाळेतलं एक प्रकरण

कर्ली नदी देवबागपाशी समुद्राला मिळते. त्याआधीच्या पट्ट्यात काठाने कांदळवन आहे, आणि ओहोटी लागली की त्या मुळांच्या आडोशाला तांबोशी मासळी दबा धरून बसते. लूर, म्हणजे दोरीला बांधून ओढायचा गऱ्या लावलेला खोटा मासा, मुळांच्या जितका जवळ टाकावा तितकी ती लागण्याची आशा जास्त आणि तितकीच लूर अडकून जाण्याची भीतीही. दुकानातला बरा लूर ५०० ते ७०० रुपयांना मिळतो. दोन-तीन गमावले की माणूस हात आखडतो आणि मोकळ्या पाण्यात टाकायला लागतो. मोकळ्या पाण्यात तांबोशी फारशी लागत नाही.

याच काठावर दारं-खिडक्या, पलंग आणि हल्ली स्वयंपाकघरातली कपाटं करणारी एक सुतारशाळा आहे. ती चालवणारे सुतारकाका आमच्या जुन्या ओळखीचे आणि त्यांचा भाचा माझा गरवण्यातला, म्हणजे गळाने मासे धरण्यातला, जोडीदार. शाळेत उरलेल्या तुकड्यांचं एक मोठं खोकं असतं. त्यातलं बरंचसं शेवटी चुलीत जातं. त्यातूनच लूर करायचे, म्हणजे मुळांत टाकताना जीव वर-खाली होणार नाही, हा भाच्याचा विचार. तो योग्यच होता. पण लाकडाला माशाचा आकार दिला की लूर होतो, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो, आणि खरं काम तिथून पुढे होतं.

खोक्यात साग होता, फणस होता, शिवण होती. यंत्रांच्या पॅकिंगमधून आलेल्या पाइनच्या पट्ट्या होत्या. प्लायवूड आणि एमडीएफचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे) तुकडे, सनमायकाच्या कातरणी, शेडच्या छपरातून उरलेला भरीव पॉलिकार्बोनेट पत्रा, जुन्या बिजागऱ्या, पितळी स्क्रू, अर्धवट डब्यांतलं सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा द्रव) आणि पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशही होतं. शिवाय पांगाऱ्याचे काही पांढरट ठोकळे होते. काकांचे एक नातेवाईक सावंतवाडीला लाकडी फळं करतात, त्यांच्याकडून कधीतरी आलेले. ते इतके हलके की सुतारकामात त्यांना कोणी विचारत नव्हतं.

लूर कसा हवा ते आम्ही आधी ठरवलं: लांबी १० सेंटिमीटर, पोटाशी जाडी २ सेंटिमीटर. थांबला की तरंगायला हवा आणि ओढला की मीटरभर खाली जाऊन हेलकावे खायला हवा. तरंगण्याची अट सगळ्यांत महत्त्वाची. तरंगणारा लूर मुळाला टेकला आणि दोरी सैल सोडली, की तो आपोआप मागे सरकत वर येतो आणि बऱ्याचदा सुटतो. बुडणारा लूर सैल सोडला की आणखी खाली जाऊन पक्का अडकतो. ज्या जागेसाठी हा उद्योग चालला होता, तिथे हा फरक म्हणजे लूर घरी येणं आणि न येणं.

पहिला लूर सागाचा झाला. साग हाताशी होता, टिकाऊ होता, पाण्याला न भिणारा होता. काकांनी पटाशीने आणि कानशीने असा काही आकार काढला की तो शोकेसमध्ये ठेवावा. लाकडाच्या शिरा डोक्यापासून शेपटीपर्यंत सरळ, पोट गोलसर, बाजू किंचित चपट्या. पुढे पॉलिकार्बोनेटची जीभ, म्हणजे ओढताना लुराला खाली नेणारी पट्टी, पोटाला आणि शेपटीला एकेक तिहेरी गरी.

पाण्यात सोडला तर तो तरंगला नाही, रेंगाळत खाली गेला. हळू ओढला तर जेमतेम हलला. जोरात ओढला तर कूस बदलली आणि गिरक्या घ्यायला लागला. दोरीला पीळ बसला. जीभ तिरकी बसली असेल म्हणून ती काढून पुन्हा बसवली. दोरी बांधायचा नाकाचा आकडा इकडे-तिकडे वाकवून पाहिला. हळू चालीत थोडा फरक पडला, वेग वाढवला की पुन्हा गिरकी. त्याच जिभेचा आणि त्याच आकाराचा दुकानातला लूर शेजारून सरळ जात होता.

काका आतापर्यंत गप्प होते. त्यांनी खोक्यातून प्रत्येक जातीचा एकेक चौकोनी तुकडा काढला आणि पाण्याच्या पिंपात सोडला. "लाकूड चांगला हा, पण ह्या कामाक नाय," एवढंच बोलून त्यांनी पेन्सिलने प्रत्येक तुकड्यावर पाण्याच्या पातळीशी रेघ मारली.

या रेघांनी प्रकरणाचं तोंड उघडलं. तरंगणाऱ्या तुकड्याचा जेवढा हिस्सा पाण्याखाली जातो, तेवढी त्याची पाण्याच्या तुलनेत घनता. साग जवळजवळ दोन तृतीयांश बुडाला, म्हणजे ०.६५ च्या आसपास. फणस थोडाच वर. पाइन आणि शिवण निम्म्याजवळ. पांगारा मात्र तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी बुडाला, ०.३ धरायला हरकत नाही. याला वजनकाटाही लागत नाही, फक्त तुकडा चौकोनी, सरळ आणि पूर्ण वाळलेला हवा. ओला पांगारा साफ फसवतो.

मग हिशेब मांडला. १० सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर जाड आणि दोन्हीकडे निमुळत्या शरीराचं घनफळ साधारण १९ घन सेंटिमीटर. समुद्राचं पाणी १.०२५ पट जड, म्हणजे पूर्ण बुडाल्यावर ते या शरीराला सुमारे १९.५ ग्रॅमची उचल देतं, म्हणजे तेवढ्या जोराने वर ढकलतं. सागाच्या शरीराचं वजन १२.३ ग्रॅम. आतली तार, कड्या आणि दोन तिहेरी गऱ्या मिळून ६ ग्रॅम. जीभ, रंग, वरचा थर दीड ग्रॅम. बेरीज १९.८. उचलीपेक्षा जास्त! पोटात वजन घालायचं दूरच, ते न घालताच लूर बुडीत निघाला होता.

गिरकीचं कारणही याच बेरजेत होतं. पाणी जिभेवर आपटलं की ते लुराला आळीपाळीने दोन्ही बाजूंना ढकलतं. हेलकावा येतो तो त्यातूनच. प्रत्येक ढकलीनंतर लुराला पुन्हा सरळ उभं करणारं काहीतरी लागतं, आणि ते म्हणजे पोटाच्या तळाशी असलेलं वजन. वजन जितकं खाली आणि वरचा भाग जितका हलका, तितका तो लवकर सावरतो. सागाच्या लुरात वजन सगळ्या अंगभर पसरलेलं होतं, पाठीतही तेवढंच आणि पोटातही तेवढंच. खाली लोंबणाऱ्या गऱ्या हळू चालीत तोल राखायच्या. वेग वाढला की पाण्याचा रेटा त्यांच्यावर मात करायचा आणि लूर उलटायचा.

पांगाऱ्याचा हिशेब वेगळा. शरीर ५.७ ग्रॅम, बाकीचं साहित्य साडेसात, बेरीज १३.२. उचल १९.५. म्हणजे सहा ग्रॅमांहून जास्त शिल्लक. ही शिल्लक कुठे खर्च करायची ते आपल्या हातात. त्यातले तीन ग्रॅम पोटाच्या तळाशी घातले तरी लूर चांगला तरंगतो, आणि आता त्याला सावरणारं वजन मिळालेलं असतं. माझ्या मते लुरासाठी लाकूड निवडण्याचं सगळं मर्म इथे आहे. हलकं लाकूड तरंगण्यासाठी घेतात असं सर्रास सांगितलं जातं, पण तरंगतो तर सागाचा नुसता तुकडाही. हलक्या लाकडाने वजनाची मोकळीक मिळते आणि ते वजन हवं तिथे ठेवता येतं. लुराची चाल त्यावर ठरते.

फिनलंडच्या लॉरी रापाला यांनी १९३६ साली पहिला यशस्वी लूर केला तो बाटलीला लावतात त्या बुचाचा, म्हणजे पांगाऱ्याहूनही हलका. फिनलंडमधल्या पाइयान्ने नावाच्या सरोवरावर मासेमारी करून पोट भरणारा हा माणूस. मोठे मासे लहान माशांच्या थव्यातला अडखळत, लडबडत पोहणारा मासाच नेमका उचलतात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी बूच चाकूने कोरलं, पॉलिश पेपरने घासलं, त्यावर चॉकलेटची चांदी चिकटवली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरचा थर दिला. सगळं घरात पडलेलं सामान. पुढे बुचाऐवजी पाइनची साल आणि नंतर बाल्सा आलं. लाकूड बदललं, पण हलकेपणा सुटला नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी सोडली नाही: प्रत्येक लूर पाण्यात ओढून पाहिल्याशिवाय बाहेर द्यायचा नाही.

पांगाऱ्याची आपल्याकडची ओळख सावंतवाडीच्या चितार आळीतल्या रंगीत फळांची आणि खेळण्यांची. तिथल्या कारागिरांनी तो निवडला कारण तो हलका आहे, कोरायला मऊ आहे आणि त्यावर रंग छान बसतो. लुराला तेच गुण लागतात. दोष मात्र दोन: तो पाणी शोषतो, आणि त्यात स्क्रू धरत नाही. पुढचं जवळजवळ सगळं काम या दोन दोषांना उत्तर देण्यात गेलं.

स्क्रू धरत नसेल तर गरी कशाला टांगायची? सागात आकडा पिळून बसवला तरी चालतो. पांगाऱ्यातून तो तांबोशी पहिल्याच झटक्यात उपटून नेईल. तांबोशी गरी लागताच मुळांकडे धावते आणि त्या क्षणी दोरी सोडता येत नाही. म्हणून एक मिलिमीटरची स्टेनलेस तार नाकापासून शेपटीपर्यंत अखंड घातली. पोटाला आधी करवतीने मधोमध खाच मारली, तार वाकवून नाकाशी एक, पोटाशी एक आणि शेपटीशी एक अशी तीन कडी केली आणि ती खाचेत बसवली. आता लाकूड फुटलं तरी मासा तारेवर असतो. लाकडावर मुळी ओढ येतच नाही, त्यामुळे पांगाऱ्याच्या मऊपणाची चिंता मिटली.

कामाचा क्रम काकांनी ठरवून दिला आणि तो मला फार मोलाचा वाटतो. जिभेची खाच आणि पोटाची खाच ठोकळा चौकोनी असतानाच मारायची. कडा सरळ असतात, गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावता येतो, करवत काटकोनात चालते. आधी आकार दिला की गोल पाठीवर कुठेच काही टेकत नाही आणि जीभ केसभर तिरकी बसते. केसभर तिरकी जीभ लुराला आयुष्यभर एका बाजूला ओढते. मधली रेघ पाठीवर, पोटावर आणि दोन्ही तोंडांवर ओढायची आणि ती शेवटच्या घासणीपर्यंत पुसू द्यायची नाही.

वजनासाठी सगळे शिसं वापरतात, जाळ्याचं शिसं मिळतंही सहज. पण लूर कधी ना कधी खाडीत राहणार हे धरलेलंच होतं आणि खाडीत शिसं सोडायची कोणाचीच इच्छा नव्हती. भाच्याने जुन्या बिजागरीतली पितळी दांडी काढली. तीन मिलिमीटर जाडीची दांडी सेंटिमीटरला साधारण ०.६ ग्रॅम भरते. पाच सेंटिमीटर तुकडा म्हणजे तीन ग्रॅम. पितळ शिशापेक्षा हलकं असल्यामुळे तेवढ्याच वजनाला जागा थोडी जास्त लागते, पण लांबट दांडी पोटाच्या खाचेत आडवी बसते आणि वजन अगदी तळाशी राहतं. खाच तेवढी तीन मिलिमीटर रुंद करावी लागली.

दांडी लगेच चिकटवायची नाही, हे यातलं सगळ्यांत उपयोगी शहाणपण. तिला मेणाने खाचेत अडकवायचं, वरून चिकटपट्टी गुंडाळायची, जीभ आणि गऱ्या लावायच्या आणि पाण्यात पाहायचं. दांडी पुढे सरकवली की लूर नाक खाली करून बसतो आणि लवकर खाली जातो. मागे सरकवली की फेक लांब जाते, पण हेलकावा मंदावतो. आमच्या लुरात ती पोटाच्या कडीच्या किंचित पुढे असताना चाल सगळ्यांत मोकळी झाली. जागा ठरली की मेण खरवडून काढायचं, लाकूड स्वच्छ पुसायचं आणि इपॉक्सीत (दोन भाग मिसळून होणाऱ्या घट्ट चिकट द्रव्यात) सागाचा बारीक भुसा कालवून खाच बुजवायची. मेणाचा अंश राहिला तर इपॉक्सी धरत नाही.

चाचणीसाठी टाकी लागत नाही. गावातल्या व्हाळाला (ओढ्याला) धार होती तोवर तिथेच काम झालं. दोरीच्या टोकाला लूर बांधून धारेत धरला की पाणीच त्याला चालवतं आणि आपण शेजारी उभं राहून पाठ, पोट, जीभ सगळं न्याहाळू शकतो. धार जोरात असेल तिथे नेलं की वेगाची परीक्षा होते. सागाचा लूर इथेही उलटला, पांगाऱ्याचा सर्वांत जोरकस धारेतही हेलकावत राहिला. डावीकडे जरा ओढत होता. नाक आपल्याकडे करून धरायचं आणि नाकाची कडी ज्या बाजूला तो जातो त्याच्या उलट बाजूला पक्कडीने किंचित वाकवायची. फार नाही, डोळ्याला जेमतेम दिसेल इतकीच.

जिभेसाठी तीन वस्तू वापरून पाहिल्या. ॲक्रिलिक दगडावर आपटलं की तडकतं. एक मिलिमीटरची सनमायका छोट्या लुराला चालते, खरखरीत पाठीमुळे चिकटतेही छान, पण पातळ कड टवकते. दोन मिलिमीटरचं पॉलिकार्बोनेट आपटूनही वाकतं, तुटत नाही. तेच ठेवलं. जीभ जितकी शरीराच्या रेषेत पुढे झुकलेली तितका लूर खोल जातो आणि जितकी उभी तितका उथळ राहून जास्त हेलकावतो. मीटरभर खोलीसाठी आम्ही मधला कोन घेतला.

पाणी शोषण्याचा प्रश्न सर्वांत चिवट. वरून रंग आणि पॉलिश कितीही द्या, गरी घासून एक ओरखडा पडला की पांगारा पाणी ओढायला लागतो, फुगतो, वरचा थर फुटतो आणि उचलीचा सगळा हिशेब बिघडतो. म्हणून थर वरवर देऊन भागत नाही, आत मुरवावा लागतो. शाळेतलं सीलर थिनर घालून अगदी पातळ केलं आणि लूर त्यात बुडवून ठेवला. बुडबुडे यायचे थांबले की बाहेर, वाळला की हलकी घासणी, पुन्हा बुडवणी. लाकूड पिणं थांबवेपर्यंत हे चाललं. त्यानंतर रंग आणि वर हार्डनर घातलेल्या पीयूचे पातळ थर. घाई करून जाड थर दिला की आतलं थिनर कोंडतं आणि दुसऱ्या दिवशी फुगे दिसतात. हे काम दार-खिडक्या उघड्या ठेवून करायचं, सीलरचा वास डोक्यात जातो. सगळं झाल्यावर लूर काट्यावर तोलायचा, रात्रभर बादलीत दाबून ठेवायचा आणि सकाळी पुसून पुन्हा तोलायचा. वजन वाढलं असेल तर कुठेतरी भोक राहिलंय. बहुतेक वेळा ते जिभेच्या मुळाशी किंवा पोटाच्या कडीपाशी सापडतं.

प्लायवूडचा एक गुण सांगण्यासारखा आहे. त्याचे थर आकार काढताना नकाशातल्या उंचीरेषांसारखे दिसतात आणि दोन्ही बाजू सारख्या घासल्या गेल्या की नाही ते लगेच कळतं. हात बसवायला, नमुना करायला उत्तम. पाण्यात न्यायचा असेल तर आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन (पाण्यात टिकणारा) प्लायच हवा, आणि तोही जडच भरतो. एमडीएफ मात्र चुलीलाच द्यावा असं म्हणणार होतो, पण त्यातल्या चिकट द्रव्यांमुळे त्याचा धूरही वाईट. लूर त्याचा करू नये. पांढरा गोंदही नको, रोजच्या ओल्यात तो मऊ पडतो. साग कुठे चिकटवायचा असेल तर आधी थिनरने पुसावा, त्याच्या अंगचं तेल इपॉक्सीला धरू देत नाही.

रंगाची चर्चा गरवणाऱ्यांत न संपणारी आहे. गढूळ पाण्यासाठी काळी पाठ, सोनेरी बाजू आणि पांढरं पोट ठेवलं, आणि ते पुरलं.

मुळांजवळच्या पहिल्या ओहोटीतच आणखी एक बदल करावासा वाटला. तिहेरी गरीची तीन टोकं मुळात तीनदा अडकतात. तुटून राहिलेला लूर तिथे लोंबकळत राहिला तर त्यात पक्षी सापडू शकतो, हुदाळं (पाणमांजर) सापडू शकतं. दोन्ही जागी एकेरी गऱ्या लावल्या आणि त्यांच्या टोकाजवळचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाकले. अडकणं लक्षात येईल इतकं कमी झालं. लहान मासा जिवंत सोडणंही सोपं झालं. पण एकेरी गऱ्या हलक्या, त्यामुळे खाली लोंबणारं वजन घटलं आणि वेगात लूर थोडा डगमगायला लागला. पुढच्या लुरात पितळी दांडी दोन सेंटिमीटरने वाढवली, म्हणजे साधारण १.२ ग्रॅम. डगमग गेली आणि तरंगणं राहिलं. इतकी शिल्लक सागात कुठून आणणार होतो?

त्या लुरावर तांबोशी आली ती मुळांना जवळजवळ घासून ओढताना. काकांनी माशापेक्षा लूर आधी हातात घेतला. पाठीवर दातांच्या खुणा होत्या, आणि त्यांनी नखाने त्या एकेक चाचपल्या. "रातभर पाण्यात घाल, मगे वजन कर," म्हणाले. सकाळी वजन किंचित वाढलेलं निघालं. दात रंगातून आणि पीयूतून खाली गेले होते, मुरवलेल्या सीलरनेही पाणी पुरतं अडवलं नव्हतं. तेव्हापासून रंगाच्या आधी इपॉक्सीचा एक थर जास्त बसतो आणि त्याचं वजन आधीच बेरजेत धरलं जातं.

पांगाऱ्याचे ठोकळे आता थोडेच उरलेत आणि सावंतवाडीहून मिळाले तर मिळाले. म्हणून सध्या शिवणीवर काम चाललं आहे. तिचं शरीर ९ ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे तिहेरी गऱ्यांसह शिल्लक तीन ग्रॅमांहून कमी, एकेरी लावल्या तर थोडी जास्त. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं झालं की उचलीतला आणखी अर्धा ग्रॅम जातो. उपाय म्हणून काका शिवणीची पाठ वरून पोखरून त्यात पांगाऱ्याची पातळ पट्टी बसवू पाहत आहेत, म्हणजे वरचा भाग हलका होईल आणि वजनासाठी जागा निघेल. जोड पाण्यात टिकतो का, ते व्हाळाला पुन्हा धार आल्यावर पाहायचं आहे. तोवर त्यांनी खोक्यातल्या तुकड्यांवर पाण्याच्या रेघा मारून ठेवल्या आहेत आणि निम्म्यापेक्षा वर रेघ असलेला तुकडा भाच्याला देत नाहीत.